नजर बसेपर्यंत

बांधाला खांड पडली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि बाय बारा वर्षांची. भरतीचं पाणी त्या खांडीतून आत शिरलं आणि आमच्या शेतात येऊन बसलं. ओहोटीला थोडं गेलं, भरतीला पुन्हा आलं. पोटरीला आलेलं भात आठ दिवसांत काळं पडलं. पुढल्या उन्हाळ्यात त्या जमिनीवर पांढरा पापुद्रा धरला. चालताना तो पायाखाली कुरकुरायचा. मी गंमत म्हणून त्यावर उड्या मारायचे आणि आय ओरडायची, "नको नाचू गो तितं, आपला शेत हाय तो!" तिच्या लेखी शेत मेलं नव्हतं, आजारी होतं.

धरमतरच्या खाडीवरचं आमचं गाव. शेत गेल्यावर बा आणि आय मिठागरावर जायला लागले. बाय, म्हणजे माझी थोरली बहीण मथुरा, एक दिवस शाळेत गेली नाही, मग कधीच गेली नाही. तिला हमरापूरला मामीकडे धाडलं, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला. मला मात्र शाळेत घातलं, कारण माझ्या वयाच्या पोरीचा मिठागरावर काही उपयोग नव्हता. माझ्या शिक्षणाची सुरुवात अशी झाली. मी ती कधी लपवली नाही. मी आमच्या गावातली पहिली पदवीधर मुलगी, बी.ए., बी.एड., आणि दारावरच्या पाटीवर मी ते आजही लिहिते.

लपवलं ते वेगळं.

गेल्या महिन्यात रोह्याच्या वाचनालयातून एका मुलीचा फोन आला. "बाई, तुमचा तो बक्षीस मिळालेला फोटो आम्ही नव्या दालनात लावतोय. आईंचा, पोपटीचं मडकं उघडतानाचा. खाली नाव टाकायचंय. तुमचंच ना? पूर्ण कसं लिहू?"

मी म्हटलं, "उद्या कळवते."

स्वतःचं नाव सांगायला कुणाला उद्यापर्यंत वेळ लागतो का?

फोन ठेवला आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. झाकण उघडल्याबरोबर जुन्या फिल्मचा आंबूस वास आणि डांबराच्या गोळ्यांचा वास एकदमच आला. आत कॅमेरा, त्याच्या कातडी पिशवीचा पट्टा तुटलेला, आणि बटरपेपरच्या पाकिटांतल्या निगेटिव्ह. सगळ्यांत खाली एक शाल, घडी न मोडलेली.

आमच्या घरात फोटो म्हणून काही नव्हतं. बा गेला तेव्हा भिंतीवर लावायला काही सापडलं नाही. आयने त्याच्या फावड्याची दांडी भिंतीला टेकवून ठेवली. हातांनी घासून घासून ती मधोमध गुळगुळीत झाली होती. सणाला आय तिला हळदकुंकू वाहायची. आज बाचा चेहरा आठवायला बसले तर मला ती दांडीच दिसते.

माझा पहिला फोटो निघाला तो कॉलेजच्या ओळखपत्रासाठी. बाय मला पेणच्या स्टुडिओत घेऊन गेली. तेव्हा ती घासकामातून वर चढत चढत आखणीवर पोचली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यात दहा जण रंग देतात, पण डोळ्याला हात लावणारा एखादाच. बाय ब्रश उचलायची, श्वास रोखायची, आणि बुबुळ उतरेपर्यंत तिच्या अंगावर माशी बसली तरी हलायची नाही. "नजर बसली" असं ती म्हणायची. मूर्ती समोरच्याकडे बघायला लागली की नजर बसली. तोवर ती नुसती माती.

स्टुडिओतला माणूस म्हणाला, "दोघी बहिणी आहात, एकत्र काढू की एक."

"नको," बाय म्हणाली. "तिचाच काढा. तिला लागतंय." मग पुढे होऊन तिने माझी हनुवटी धरली. तिच्या बोटांना सरसाचा आणि ओल्या शाडूचा वास होता. "मान खाली कशाला? तू काय चोरी केलीस? बग समोर."

चोरी नंतर केली.

पदवी मिळाली, बी.एड. झालं, रोह्याच्या शाळेत लागले. लग्नही रोह्यातच झालं. आमचे हे धाटावला केमिकल कंपनीत, पाळ्यांची नोकरी. ते कधी सकाळी निघत, कधी दुपारी, आणि घरी आले की शर्टाला लसणासारखा एक उग्र वास येई. तो वास म्हणजे आमची सुबत्ता होती. त्या सुबत्तेत मी कॅमेरा घेतला. साधाच, बिनफ्लॅशचा. काळ्यापांढऱ्या रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. तो गळ्यात अडकवून मी कुंडलिका नदीच्या काठाने चालायला लागले की मला वाटायचं, खाडीवरची पोरगी आता बघावी कुणी.

त्या थंडीत मी आय आणि बायला चार दिवस रोह्याला बोलावलं. शाळेतल्या एका बाईंचं नदीकाठी वालाचं शेत होतं, तिथे पोपटी लावायची, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात घालून जाळावर भाजायच्या, आणि मांडवात मुक्काम करायचा ठरलं. आमच्या शेतात वाल होत नव्हता, त्यामुळे पोपटी आम्ही कायम दुसऱ्याच्या शेतात खाल्लेली. ही पहिली, जिची यजमान मी होते. आणि यजमानीणबाईंनी फर्मान काढलं की पोपटी भर दुपारी लागेल.

"दिवसा?" आय मांडवाच्या खांबाला टेकून हसायला लागली. "दिवसा पोपटी लावतंय कोन गो? कावल्यांना जेवन घालायचाय का?"

"आय, अंधारात फोटो येत नाहीत."

"मग आपून खायाला आलोय का दिसायला?"

बाय म्हणाली, "आय, गप र्‍हा. बाई शिकलेली हाय. ती म्हनंल तवा ऊन, ती म्हनंल तवा सावली."

अशी आमची पोपटी भर उन्हात लागली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मधून मधून कांदे, बटाटे, अंडी, ओवा आणि आयने गावाहून फडक्यात बांधून आणलेलं जाडं मीठ. वर पुन्हा पाला कोंबून मडकं उलटं केलं, पेंढा रचला, पेटवला. उन्हात जाळ दिसतच नव्हता, नुसती हवा थरथरत होती. भांबुर्ड्याचा तो कडू-तिखट वास मात्र दिवसा काय, रात्री काय, तसाच. आजही कुठे तो पाला चुरगळला की मी त्या शेतात असते.

पेंढा जळत होता तेवढ्यात मी सगळ्यांना ओळीत उभं केलं. आयला शेजारणीच्या चपला घालायला लावल्या. त्या तिला मोठ्या होत्या. मिठाने तिच्या हातांच्या कातडीला भेगा पडलेल्या, म्हणून म्हटलं, "हात पदराखाली घे." तिने घेतले. एकदम घेतले, काही न विचारता. आज हे लिहिताना मला ते हात घेणं दिसतं. तेव्हा मला फक्त फोटो दिसत होता.

मग मलाही फोटोत यायचं होतं. कॅमेरा बायच्या हातात दिला. "यातून बघ, आणि हे बटण दाब. हलवू नकोस."

"मना हलवू नको सांगतंस?"

मी मधोमध जाऊन उभी राहिले. बायने कॅमेरा डोळ्याला लावला. आम्ही उभे. कावळे ओरडले. तिकडे भिऱ्याच्या धरणाचं पाणी सुटलं असावं, नदीचा आवाज वाढला. आम्ही उभेच.

"दाब ना गो!"

"थांब. नजर बसली नाय."

"अगं माणसं आहोत आम्ही, गणपती नाही!"

"मानसांची लवकर बसत नाय," ती म्हणाली, आणि मग आवाज आला. खट्.

पुढे मी पेंढा आणणाऱ्या पोरींमध्ये गुंतले आणि कॅमेरा तिच्याकडेच राहिला. आय पुन्हा मांडवाच्या खांबाला टेकून कावळ्यांची तीच गंमत सगळ्यांना सांगत हसत होती. आयने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, "झाली!" म्हणून ती ओरडली. चपला तिने केव्हाच काढून टाकल्या होत्या. फडक्याने धरून तिने मडकं सरळ केलं, पाला ओढला आणि वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. तिने डोळे मिटले नाहीत. मागे कुठेतरी खट् झालं. मी ऐकलं आणि विसरले.

रोल धुऊन आला. आमच्या ह्यांनी पाकीट आणलं आणि मी ते भाकरीच्या पिठाच्या हातानेच उघडलं. बायने आठ फोटो काढले होते. एक सांगितलेला, आम्हा सगळ्यांचा. बाकी सात नुसते चेहरे. जवळून, इतक्या जवळून की कपाळ कापलेलं, कान कापलेले. शेंग सोलणारी एक पोर. डुलकी लागायच्या बेतातले आमचे हे. मांडवाच्या खांबाला टेकून हसणारी आय. आणि मडकं उघडतानाची आय. वाफ, भेगाळलेले हात आणि डोळे.

बाय अजून आमच्याकडेच होती, दारात बसून वाल सोलत होती. मी पाकीट तिच्यापुढे आपटलं.

"सात फोटो फुकट घालवलेस! पाय कुठायत? आयला नवीन लुगडं नेसवलं होतं, ते कुठाय? हा काय चेहरा, अर्धा? लोकांना दाखवू काय?"

बायने एकेक फोटो उचलून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ते परत पाकिटात घातले, कॅमेरा घेतला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "मना वाटला, डोले आले म्हंजी मानूस आला," एवढंच म्हणाली.

हा माझा पहिला गुन्हा. दुसऱ्यापुढे तो काहीच नाही.

त्या वर्षी रोह्यातल्या एका मंडळाने छायाचित्रांची स्पर्धा ठेवली. आमच्या मुख्याध्यापिका माझ्या घरी चहाला आल्या होत्या. मी त्यांना अभिमानाने ओळीतले फोटो दाखवत होते आणि पाकिटातून तो खाली पडला. त्यांनी उचलला. चहा गार झाला तरी त्या बघत होत्या. "हा पाठवा," त्या म्हणाल्या. "काय हो, तुम्ही तर कलावंत निघालात."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्या तोंडातून "काही तरीच काय" असं आलं, आणि लाजून हसण्याचा आवाज आला.

अर्जावर रकाना होता, छायाचित्रकाराचे नाव. कॅमेरा माझा, रोल माझा, पोपटी माझी, आय माझी. अशी यादी मनात करत करत मी वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं. पदवीसकट.

पहिलं बक्षीस मिळालं. वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. मी आयला आणि बायला मुद्दाम बोलावून घेतलं. का बोलावलं? मला वाटतं, बाय आली आणि काही बोलली नाही तर ते खरंच माझं होईल, असा काही हिशेब माझ्या मनात असावा. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, आय पाय वर घेऊन, बाय सरळ.

शाल, श्रीफळ झालं आणि पाहुण्यांनी विचारलं, "हा क्षण तुम्ही कसा पकडलात, ते आमच्या तरुणांना सांगा."

मी माइकपुढे गेले. मला काहीच सांगता येणार नव्हतं, कारण तेव्हा मी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होते. आणि मग मला ऐकू आलं, मी बोलतेय: "आमच्याकडे मूर्तीचे डोळे काढतात. तो कारागीर श्वास रोखून धरतो. नजर बसेपर्यंत थांबतो. मीही श्वास रोखला. मीही थांबले."

टाळ्या. खूप टाळ्या. तिसऱ्या रांगेत बायही वाजवत होती. तिच्या नखांत तांबडा रंग होता, तो मला माइकपासून दिसत होता.

पेणच्या एस.टी.ला मी त्यांना बसवायला गेले. आय खिडकीत बसल्याबसल्या शेजारच्या बाईला सांगायला लागली, "माजी पोर. तितं मोठ्या लोकांत बोलली." बाय पायरीवर थांबली. म्हणाली, "बरी बोललीस गो." मग आत गेली. गाडी सुटताना खिडकीतून वाकून एवढंच, "आयची नजर बरी बसलीय."

त्यानंतर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. बारशी झाली, साखरपुडे झाले, कुंडलिकेच्या काठी मुक्काम झाले, पाच वर्षं ओळीने पोपटी लागल्या, सगळ्या भर दुपारी. मी म्हणायचे, "बाय, तू काढ ना." ती म्हणायची, "नको, हात रंगाचे हायत." हात धुतलेले असले तरी रंगाचे. मग मीच काढायचे. आज त्या सगळ्या अल्बममध्ये ओळी आहेत. सरळ उभी माणसं, पदराखाली हात, पायात चपला. सगळे आहेत आणि कुणीच नाही. माझ्या पोरांची लहानपणं मी अशी ओळीत उभी करून घालवली.

आय गेली तेव्हा तेराव्याला तोच फोटो मोठा करून ठेवला होता. येणारा प्रत्येक जण माझा हात धरून म्हणायचा, "तू काढलास म्हनून आय र्‍हायली." त्यातल्या प्रत्येक वेळी बाय पंगतीत वाढत होती, वाकून, हातात पातेलं घेऊन. मी एकदाही म्हटलं नाही, मी नाही, ती. वाढणाऱ्या माणसाला थांबवू नये, असं काही तरी मी स्वतःला सांगितलं.

तर डबा घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी हमरापूरला गेले. गणपती महिन्यावर आलेले. कारखान्यात पायरीपासून माळ्यापर्यंत मूर्ती, रंगवलेल्या, मुकुट घातलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे नुसते पांढरे, कोरे. इतक्या चेहऱ्यांमधून चालताना एकही आपल्याकडे बघत नाही, हे फार विचित्र असतं. दाराच्या उजेडाला बाय पाटावर बसली होती. केस पांढरे, चष्मा जाड, हात तोच.

"आली का बाई? बस. बोलू नको, एवढा एक होऊ दे."

मी बसले. तिने श्वास रोखला. बुबुळ उतरलं. त्या मूर्तीने माझ्याकडे पाहिलं.

"बोल."

मी बोलले. सगळं. अर्ज, रकाना, माइक, तेरावा. शाळेत पस्तीस वर्षं बोलून कमावलेला आवाज होता, तो मधेच फाटला.

बाय ब्रश धूत होती. "मना म्हायत नाय का? मी तितं तिसऱ्या रांगेत बसलेली. आंधली हाय का मी?"

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"काय बोलू? इतक्या मूर्ती गेल्या हातातून, कुनाच्या पाठीवर माजा नाव हाय? तो नायच वाईट वाटला." तिने ब्रश फडक्यावर निथळत ठेवला. "पन तू सांगितलास, मी श्वास रोखला. तो माजा श्वास होता गो."

बाहेर कुणीतरी पॉलिश पेपरने मूर्ती घासत होतं. मला वाटलं होतं, मी कबूल केलं की ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली नाही. मी डब्यातली शाल काढून तिच्यापुढे ठेवली. "ही तुझी आहे."

तिने ती चाचपली. "मूर्ती झाकायला बरी हाय. धूल बसत नाय." आणि खरंच उठून एका कोऱ्या डोळ्यांच्या गणपतीवर टाकली. मला हसूही आलं आणि नाहीही.

मग तिने विचारलं, "आनी ते बाकीचे? फुकट घालवलेले?"

फोटो मी केव्हाच हरवले होते. निगेटिव्ह होत्या. ती पट्टी मी तिच्या हातात दिली. तिने दारातल्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ नेऊन. काळ्या चेहऱ्यांची पांढऱ्या केसांची माणसं. डोळ्यांचे पांढरे भाग काळे, बुबुळं पांढरी.

"सगला उलटा हाय," ती म्हणाली. एकेक चौकट सरकवत गेली. एकीवर थांबली. "ही आय. खांबाला टेकून. कावल्यांचा बोलली तवाची." तिचा श्वास थांबलेला मला दिसला. "बग. उलट्यातपन नजर बसलीय."

मी तिथूनच, त्या पायरीवर बसून, वाचनालयाच्या मुलीला फोन केला. नाव सांगितलं. ती गोंधळली. "पण बाई, बक्षिसाच्या नोंदीत तुमचं नाव आहे."

"नोंद खोटी आहे," मी म्हटलं. "मी लिहिलेली आहे. दुरुस्तीचं पत्र उद्या आणून देते, माझ्या सहीचं. आणि एकच नाही, असे सात आहेत."

बाय पुढची मूर्ती ओढून घेत होती. मागे न बघता म्हणाली, "आता बोलू नको. हिचे डोले र्‍हायलेत."

वाचनालयाच्या नव्या दालनात, जिन्याच्या डाव्या भिंतीवर, सातही फोटो लागले आहेत. आय त्यात दोनदा आहे, एकदा हसताना, एकदा वाफेत, आणि तिचे हात पदराखाली नाहीत. खाली एकच पाटी आहे. छायाचित्रे: मथुरा म्हात्रे, आखणी कारागीर, हमरापूर.